सावली येताना पाहायची होती

शनिवार, ६ एप्रिल २०२४ : बॉस्टन ते स्कौहीगन

खग्रास सूर्यग्रहणाचा फोटो म्हटला की डोळ्यांपुढे येतो काळा गोल आणि त्याभोवती पसरलेला करोना, म्हणजे सूर्याचं तेजोमंडल. तो फोटो ड्रोनने निघत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा ड्रोन डीजेआय मिनी ३ प्रो. त्याचं भिंग २४ मिलिमीटरच्या तोडीचं, म्हणजे चांगलंच रुंद. आकाशात सूर्याचा व्यास जेमतेम अर्धा अंश, त्यामुळे ४०३२ पिक्सेल रुंदीच्या फोटोत सूर्य येतो सत्तावीस-अठ्ठावीस पिक्सेलचा. करोनाचे धागे टिपायचे तर जमिनीवर घट्ट रोवलेला ट्रायपॉड हवा आणि लांब पल्ल्याची टेलिफोटो लेन्स हवी.

मग ड्रोन कशाला? बाबांनीही निघताना हेच विचारलं. ते सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना आकड्यांत उत्तर दिलं की पटतं. सपाट जमिनीवर उभ्या माणसाचं क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर असतं. १२० मीटर उंचीवर गेलं की तेच क्षितिज ३९ किलोमीटरवर सरकतं. परवा अमेरिकेच्या मेन राज्यातून चंद्राची सावली जाणार ती तासाला सुमारे साडेचार हजार किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सव्वा किलोमीटर. जमिनीवरून तिला येताना पाहायला मिळणार चारेक सेकंद. ड्रोनला मिळणार तीस.

"म्हणजे तू सूर्याचा नाही, पृथ्वीचा फोटो काढणार," बाबा म्हणाले. अगदी तसंच.

खरं तर या ग्रहणासाठी ईशान्येकडे यायचा सल्ला कुणी देत नव्हतं. एप्रिलमधल्या ढगांच्या जुन्या नोंदी पाहून जाणत्या मंडळींनी मेक्सिको आणि टेक्ससची तिकिटं केव्हाच काढली होती. मेनमध्ये एप्रिल म्हणजे ढग, चिखल आणि उरलासुरला बर्फ. पण गेल्या चार दिवसांत अंदाज फिरत गेला. टेक्ससवर ढग सरकू लागले आणि व्हरमाँट, न्यू हॅम्पशर, मेन या पट्ट्यात आकाश मोकळं होण्याची चिन्हं दिसायला लागली. त्यात गुरुवारी इथे मोठं हिमवादळ येऊन गेलं. दक्षिण मेनमध्ये अजून काही घरांची वीज यायची होती. मला मात्र त्या वादळात एक लाभ दिसत होता : जमिनीवर ताजा पांढरा बर्फ. सावली दिसायची तर पडदा पांढरा हवा.

आंतरराज्य ९५ वरून उत्तरेला निघालो. नवरा गाडी चालवत होता, बाबा पुढे, मी मागे बॅटऱ्या आणि दशम्यांच्या डब्यासोबत. सोमवारी त्या बाजूच्या खाणावळींत गर्दी उसळणार हे ठाऊक असल्याने दोन दिवसांची शिदोरी घेतली होती. संध्याकाळी स्कौहीगन गाठलं. केनेबेक नदीकाठचं हे गाव खग्रास पट्ट्याच्या थोडं बाहेर, म्हणून खोली मिळाली. आत, पट्ट्याच्या मध्यरेषेजवळ, सगळं कधीच भरून गेलं होतं.

रविवार, ७ एप्रिल : रंगीत तालीम

ग्रहणाच्या आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळेला जाऊन उभं राहावं. एका दिवसात सूर्याची जागा अर्ध्या अंशाहूनही कमी सरकते; त्यामुळे रविवारी दुपारी साडेतीनला सूर्य जिथे असतो, तिथेच तो सोमवारी झाकला जाणार. ही तालीम मला कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाची वाटते.

स्कौहीगनहून महामार्ग २०१ उत्तरेला जातो तो केनेबेकला बिलगून. बिंगहॅमच्या पुढे धरणाचा लांबलचक जलाशय, काठावर बर्फाच्या कडा, मधे काळं पाणी. मग नदी वळून निघून जाते, रस्ता डोंगरात शिरतो आणि मूसपासून, म्हणजे इथल्या थोराड हरणांपासून, सावध राहायच्या पाट्या सुरू होतात. १७७५ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, बेनेडिक्ट आर्नल्ड या सेनानीचं सैन्य क्विबेकवर चाल करून गेलं ते याच नदीने, होड्या ओढत. जवळपास १२० किलोमीटर गेल्यावर जॅकमन लागतं. हजाराच्या आतली वस्ती. पुढे थोड्याच अंतरावर कॅनडाची सरहद्द. हिवाळ्यात इथे बर्फावरच्या मोटारी घेऊन माणसं येतात, एरवी लाकूडतोडीचे ट्रक. मध्यरेषा इतकी जवळ की खग्रास अवस्था साडेतीन मिनिटांना थोडीच कमी.

गावाच्या अलीकडे रस्त्यालगत ॲटियन तळ्यावरून पश्चिमेला पाहायची एक प्रसिद्ध जागा आहे. डोंगरांची रांग, खाली तळं, बेटं. फोटो काढणारा कुणीही तिथेच थांबेल आणि म्हणूनच मी ती जागा सोडली. उद्या तिथे माणसांची दाटी होणार. माणसांच्या डोक्यावरून ड्रोन उडवायला मनाई आहे, आणि नसती तरी मी उडवला नसता. माणसं हजारो मैलांवरून येतात ती तीन मिनिटांसाठी. त्या तीन मिनिटांत वरून घरघर ऐकू येणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. आम्ही आधीच एका शेतमालकाची परवानगी मिळवून ठेवली होती. गावापासून दूर, तिन्ही बाजूंनी स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांची झाडी, नैर्ऋत्येला मोकळा उतार, त्यापुढे रानाचं खोरं आणि शेवटी सरहद्दीवरचे डोंगर. जॅकमनला लहान विमानांची एक धावपट्टी आहे, तिच्यापासूनही ही जागा लांब. ग्रहणाच्या दिवशी हौशी वैमानिक आपापली विमानं घेऊन येणार, आणि खरं विमान दिसलं की ड्रोनने खाली यायचं, त्यात वाद नाही.

नियम थोडक्यात सांगते, कारण खूप जण विचारतात. अमेरिकेत हौसेसाठी ड्रोन उडवायचा तर ट्रस्ट नावाची मोफत ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. वजन २५० ग्रॅमच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. माझा २४९ ग्रॅमचा. उंची जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. ड्रोन सतत नजरेच्या टप्प्यात हवा. राष्ट्रीय उद्यानांत बंदी.

साडेतीनला सूर्य होता नैर्ऋत्येला, क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर. आणि इथे या जागेचं भाग्य. सावलीही जवळजवळ त्याच दिशेने येणार होती, नैर्ऋत्य आणि पश्चिम यांच्या मधून. म्हणजे एकाच चौकटीत वर ग्रहण आणि खाली त्याची सावली. पण ३७ अंश म्हणजे खूप वर. चित्रफितीच्या आडव्या चौकटीत उभा कोन जेमतेम ४३ अंशांचा. सूर्य घेतला की जमीन सुटते, जमीन घेतली की सूर्य. या ड्रोनचा कॅमेरा मात्र गिम्बलवर, म्हणजे त्याला स्थिर धरणाऱ्या फिरत्या आधारावर, स्वतः उभा फिरतो, मग उभा कोन सत्तर अंशांच्या आसपास जातो. शिवाय तो आकाशाकडे ६० अंशांपर्यंत वर पाहू शकतो, जे बऱ्याच ड्रोनना जमत नाही. कॅमेरा उभा करून पंधरा अंश वर उचलला. वरच्या भागात सूर्य, मधोमध डोंगर, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात बर्फाचा उतार आणि रान. चौकट ठरली. आकडे वहीत लिहून ठेवले.

एक्स्पोजरवर बाबांशी बराच वेळ चर्चा झाली. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर उजेड कमी होऊ लागताच तो आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, चढवत जातो, आणि अंधार उजळून टाकतो. मग अख्खी चित्रफीत ढगाळ दुपारसारखी दिसते. ज्या अंधारासाठी आलो, तोच कॅमेरा पुसून टाकणार. म्हणून सगळं हाताने बांधायचं. शेवटच्या मिनिटाच्या उजेडाला बेतून शटर १/२०० वर, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ५६०० केल्व्हिनवर पक्का. खग्रास लागल्यावर आयएसओ एकदाच ४०० वर न्यायचा आणि मग हात लावायचा नाही. अंधार अंधारासारखाच दिसला पाहिजे.

थंडीत लिथियम बॅटरीची ताकद झपाट्याने उतरते. कंपनी ३४ मिनिटं म्हणते. मी वीसच धरून चालते. बाबा म्हणाले, "बॅटऱ्या माझ्याकडे दे." कोटाच्या आतल्या खिशात दोन्ही घालून त्यांनी वर मफलर गुंडाळला.

सोमवार, ८ एप्रिल : ग्रहण

पहाटेच निघालो, तरी २०१ वर गाड्यांची रांग होती. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू जर्सीच्या नंबरपाट्या. आकाश निळं, एक ढग नाही. शेतमालकाने रस्त्यापासून शेतापर्यंत बर्फ दूर करून वाट काढून ठेवली होती. आम्ही आभार मानले तर म्हणाला, तुम्ही विचारून आलात हेच खूप झालं.

टेलिफोटो लेन्स ट्रायपॉडवर लावली, पुढे सौरफिल्टर, आणि कॅमेरा आपोआप वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढत राहील अशी सोय केली. ती बाजू नवऱ्याची. ड्रोनसाठी गाडीतलं रबरी मॅट बर्फावर अंथरलं. सलग पांढऱ्या बर्फावर ड्रोनच्या पोटाखालच्या कॅमेऱ्यांना खूण सापडत नाही, उतरताना तो डळमळतो. काळ्या मॅटवर नीट उतरतो. ड्रोन आपोआप परतायची उंची झाडांच्या शेंड्यांहून वर, ४० मीटर.

सव्वादोनच्या सुमाराला स्पर्श झाला. सूर्याच्या उजव्या बाजूला खालून एक चिमटा काढल्यासारखा. पुढचा तासभर ग्रहणाच्या गॉगलमधून अधूनमधून पाहणं, दशम्या खाणं आणि वाऱ्याकडे लक्ष ठेवणं. बाबा बोलत होते. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास पट्टा अंकोला, हुबळीवरून गेला, सांगलीत खंडग्रास होतं. ते तेव्हा कॉलेजात. घरात आजीने पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं टाकलेली, दारं-खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फटीतून आलेला सूर्याचा कवडसा भिंतीवर चंद्रकोरीसारखा पडला, तेवढंच त्यांनी पाहिलं. मग २२ जुलै २००९ ला मुद्दाम सुरतेला गेले, तर पावसाळी ढग. सकाळी एकदम रात्र झाली आणि परत सकाळ झाली, सूर्य काही दिसला नाही. "पण तो अंधार माझ्या लक्षात आहे," ते म्हणाले. "म्हणून तुझी सावलीची गोष्ट मला लगेच कळली."

तीननंतर ऊन ओसरायला लागलं. हा उजेड संध्याकाळचा नसतो. संध्याकाळी ऊन तांबूस होतं, सावल्या लांबतात. इथे रंग तसाच राहतो आणि फक्त प्रकाश कमी होत जातो. बर्फावर आमच्या सावल्यांच्या कडा एका बाजूने ब्लेडसारख्या धारदार झाल्या. थंडी कोटातून आत शिरली. बाबांनी बॅटरी काढून दिली, ती अजून कोमट होती.

३ वाजून २१ मिनिटांनी ड्रोन उडवला. १२० मीटर, तोंड नैर्ऋत्येला, कॅमेरा उभा, पंधरा अंश वर. नवरा ड्रोनवर नजर ठेवून. ३:२६ ला रेकॉर्डिंग सुरू केलं. कंट्रोलरच्या पडद्यावर सूर्य अजून पांढरा भगभगीत डाग होता, पण भिंगातल्या परावर्तनामुळे चौकटीच्या दुसऱ्या बाजूला एक फिकट हिरवट ठिपका उमटला होता, आणि तो ठिपका म्हणजे सूर्याची हुबेहूब कोर होती, उलटी. प्रखर सूर्याने स्वतःचा आकार लपवला होता, तो त्या परावर्तनाने उघड केला.

ड्रोनने सूचना दिली : उजेड अपुरा, अडथळे ओळखणारे सेन्सर बंद. अपेक्षित होतंच. जीपीएसवर तो जागच्या जागी स्थिर होता. मी कंट्रोलर गळ्यात अडकवला.

शेवटच्या मिनिटात बर्फावरून फिकट लहरी सरकायला लागल्या. तळ्याच्या तळाशी उन्हाची जाळी हलते तशा, फक्त करड्या. बाबा खाली वाकून पाहत राहिले. मी पडद्याकडे पाहिलं आणि सरहद्दीचे डोंगर विझले. आधी सर्वांत मागची रांग, मग तिच्या पुढची. आकाशात डोंगरांच्या मागे गर्द निळी-काळी भिंत उभी होती आणि ती वाढत होती. खोरं काळवंडलं. मी मान वर केली. सूर्याची शेवटची ठिणगी, हिऱ्याची अंगठी म्हणतात ती, एक क्षण, आणि ३:२९ ला सूर्य गेला.

आयएसओ ४००. त्यानंतर मी कंट्रोलरकडे पाहिलं नाही.

करोना गोलसर होता, सगळ्या बाजूंनी पसरलेला, सूर्यावरच्या डागांचं चक्र ऐन भरात असताना असतो तसा. खालच्या कडेला एक गुलाबी ठिपका नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसत होता. ती सौरज्वाला, कित्येक पृथ्व्या मावतील एवढी. उजवीकडे खाली शुक्र झळझळीत, डावीकडे वर गुरू. आणि चहूकडे क्षितिजावर केशरी पट्टा, जणू आठही दिशांना एकदमच सूर्य मावळला होता. सावली पावणेदोनशे किलोमीटर रुंद; तिच्याबाहेर दिवस चालूच असतो आणि तोच दिवस क्षितिजावर दिसतो. हे वाचलेलं होतं. तरी पाहताना माझा हात आपोआप तोंडावर गेला.

बाबा गॉगल हातात धरून उभे होते. "अगं, हे काळं नाही, हे भोक आहे," एवढंच म्हणाले.

नैर्ऋत्येचा केशरी पट्टा उजळत आला, तो वर चढला, आणि सूर्याच्या काठावर ठिणगी पेटली. उजेड आपल्या अंगावर येऊन आदळतो, हे त्याचं खरं वर्णन. शेजारच्या शेतातून माणसांच्या ओरडण्याचा आवाज आला. बाबांनी दोन्ही हात वर करून सांगलीच्या गल्लीत ऐकलेली आरोळी दिली, "दे दान, सुटे गिरान!" मेनच्या बर्फात ती घुमली. शेतमालक लांबून हात हलवत होता.

ड्रोन ३:३८ ला मॅटवर उतरला. बॅटरीत पुरेसा जीव उरला होता.

परतीच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. स्कौहीगनला पोचेपर्यंत रात्र झाली, खरी.

मंगळवार, ९ एप्रिल : चित्रफीत

सकाळी लॅपटॉपवर तिघांनी मिळून पाहिलं. टेलिफोटोचे फोटो चांगले आले आहेत : गुलाबी ज्वाला, करोनाचे धागे, हिऱ्याची अंगठी. पण असे फोटो त्या दिवशी हजारो लोकांनी काढले, माझ्याहून सरस यंत्रांनी काढले.

ड्रोनची चित्रफीत मी पुन्हापुन्हा पाहते आहे. सावलीला कड नाही, हे पहिल्यांदा कळलं. मनात चित्र असतं ते पडदा ओढल्यासारखं, एक रेषा सरकते आहे असं. तसं होत नाही. आधी आकाशाचा तळ गर्द होतो, मग दूरचा डोंगर रंग सोडतो, मग खोऱ्यातलं धुकट हिरवं काळं पडतं, आणि सर्वांत शेवटी आमच्या उताराचा बर्फ पांढऱ्याचा पोलादी निळा होतो. डोंगरापासून उतारापर्यंत पंचवीसेक सेकंद. गणिताने दिलेल्या तिसाच्या जवळच. थोडे कमी, कारण डोंगराने क्षितिज अडवलं होतं. बाबांनी घड्याळ लावून मोजलं आणि समाधानाने मान हलवली.

आणखी एक गोष्ट जमिनीवरून आम्हाला अजिबात दिसली नव्हती. खग्रास अवस्थेच्या मध्यावर, चौकटीच्या खालच्या भागात, झाडीत विखुरलेल्या घरांचे आणि महामार्गावरचे दिवे लागलेले आहेत. उजेड कमी झाला की आपोआप लागणारे दिवे. साडेतीन मिनिटांची त्यांची रात्र, आणि मग एकेक करून विझतात, सावली ज्या क्रमाने गेली त्याच क्रमाने. चौकटीच्या वरच्या भागात काळा ठिपका आणि त्याभोवती पांढरी झालर, अंगठ्याच्या नखाएवढीसुद्धा नाही. पण खाली एवढी जमीन त्या ठिपक्याच्या हुकमाखाली आहे, हे टेलिफोटोच्या कुठल्याही फोटोत येत नाही.

नवऱ्याने विचारलं, अंधाराचा भाग जरा उजळू का, रान दिसेल. मी नको म्हटलं. वेगही वाढवणार नाही. लोक सावलीच्या चित्रफिती दहापट वेगाने टाकतात. त्याने परिणाम वाढतो असं त्यांना वाटतं. मला वाटतं, सेकंदाला सव्वा किलोमीटर हा वेग कुणी वाढवून दाखवायची गरज नाही.

पुढचं खग्रास १२ ऑगस्ट २०२६ ला, ग्रीनलँड, आइसलँड आणि स्पेन. बुर्गोसजवळ खग्रास अवस्था पावणेदोन मिनिटांची, पण सूर्य मावळतीला, क्षितिजापासून आठ अंशांवर. ड्रोनसाठी याहून सोयीची जागा नाही : आडव्या चौकटीतच सूर्य आणि जमीन दोन्ही आरामात बसतील, आणि सावली वायव्येकडून समुद्र ओलांडून येईल. युरोपात कॅमेरा असलेला ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी चालवणाऱ्याची नोंदणी लागते, तेवढी आधी करायला हवी. भारतात २० मार्च २०३४ ला लडाखच्या बाजूने पट्टा जाणार आहे. तोवर थांबायची बाबांची तयारी नाही. बॉस्टनच्या वाटेवर त्यांनी विचारलं, स्पेनचा व्हिसा पुण्याहून मिळतो की मुंबईला जावं लागतं. मी म्हटलं, बघते.